नथीखालचा ओठ

पिशवीतून फ्रेम बाहेर आली तेव्हा मागच्या दोरीला खिळा तसाच अडकलेला होता. काकींनी फोटो भिंतीवरून उतरवला नव्हता, ओढून काढला होता, कारण खिळ्याबरोबर भिंतीचा निळा पोपडापण आला होता आणि तो माझ्या काउंटरच्या काचेवर पडला. त्यांनी तो पदराने पुसला, खिळा सोडवून बाजूला ठेवला, फ्रेम माझ्याकडे फिरवली आणि म्हणाल्या, "ह्यात हासतोय बग. बाकी फोटोत कसा, पोलीस ठेसनात बसवल्यासारका." फोटो मीच काढलेला होता. २०१८च्या शिमग्यातला, आठ बाय बारा, मॅट. त्यांचा मुलगा गोमू झालाय, म्हणजे शिमग्याच्या खेळ्यांत साडी नेसून नाचणारा, हिरवी साडी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नाकात मोत्यांची दांडगी नथ, केसात अबोलीची वेणी, आणि तोंड भरून हसतोय. पाठीमागे धूसर दिसतायत ते खेळ्यांचे फेटे. काकींचं म्हणणं अगदी सरळ होतं. पोरगा तिशीपार गेला, पनवेलला नोकरी बरी आहे, स्थळं येतायत, मुलीकडचे व्हॉट्सॅपवर बायोडेटा मागतात आणि बायोडेटाला फोटो लागतो. "तर ह्याचं कुंकू काड, नथ काड, वेणी काड न् एक शर्ट घाल. फुल बाह्यांचा. तुमी घालता ना लोकांना कोट, तसा."

मी आठ दिवसांनी या म्हटलं. म्हणजे खरं तर हे अर्ध्या तासाचं काम, फार तर एक तास, पण तोंडातून आठ दिवसच गेलं.

इथेच एक सांगून टाकतो. हे लिहिलेलं आधी त्याला वाचायला पाठवलं होतं. त्याने दोन गोष्टी बदलायला लावल्या, त्या बदलल्यात, कुठल्या ते सांगत नाही. गावाचं नावपण नाही, रत्नागिरी जिल्ह्यातलं एक बंदर एवढं पुरे, अशी बरीच आहेत.

कोट घालणं हा आमचा पिढीजात धंदा आहे. आता मी तो कॉम्प्युटरवर घालतो, अण्णांच्या वेळी खराखुरा कोट होता, काळा, आतल्या खोलीत खुंटीवर. शेजारी इलॅस्टिक लावलेला टाय, दात गेलेला कंगवा, पावडरचा डबा आणि पारा उडालेला आरसा. साइझ एकच. कोट ज्याला ढगळ व्हायचा त्याला अण्णा पाठीमागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे, समोरून कळायचं नाही, माणूस एकदम तहसीलदार. लहानपणी मला त्या चिमट्यांची फार गंमत वाटायची, समोरून बघितलं की रुबाब आणि मागून बघितलं की दोरीवरची चड्डी. आमच्या गावात आजही दहा घरं फिरलात तर चारपाच घरांत भिंतीवर हार घातलेला जो म्हातारा दिसेल तो त्याच कोटात आहे. वेगवेगळ्या जातीचे, वेगवेगळ्या पार्टीचे, एकमेकांच्या बांधावरून कोर्टात गेलेले सुद्धा. कोटाला घामाचा आणि डांबरगोळ्यांचा वास यायचा. तो कोट अंगात घालून कुणी हसल्याचा एकही फोटो नाहीये आमच्याकडे.

अण्णांचा एक नियम होता, मागितल्याशिवाय एकाचा फोटो दुसऱ्याला दाखवायचा नाही. निगेटिव्हचं कपाट कुलुपात. हा नियम काही ते जन्माला घेऊन आले नव्हते, एकदा पोळले होते. शोकेसमध्ये त्यांनी गावातल्या एका मुलीचा फोटो लावला होता, रंग भरून, खूप सुंदर आला होता म्हणून, बाकी काहीच नाही. तो फोटो बाहेरगावच्या कुणीतरी बघितला, चौकशी केली, त्याचा बोभाटा झाला आणि तिचं ठरत आलेलं लग्न मोडलं. तिचा बाप दुकानात येऊन काहीच बोलला नाही म्हणे. नुसता शोकेससमोर उभा राहिला, बराच वेळ. त्यानंतर आमच्या शोकेसमध्ये फक्त बाळं आणि देव. मी धंदा हातात घेतला तेव्हा नियमासकट घेतला, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

मी तसा लग्न-मुंज-बारसंवाला फोटोग्राफर. पण रविवारी कॅमेरा माझा असतो. तेव्हा मी जे काय काढतो त्याला कुणी पैसे देत नाही आणि बायको त्याला 'कोलंबीचे फोटो' म्हणते, कारण सुरुवातीला मी खूप वेळ लिलावात जाऊन बसायचो. हर्णैला संध्याकाळी होड्या लागल्या की बैलगाड्या पाण्यात शिरतात, गुडघाभर पाण्यातून टोपल्या येतात, वाळूवर म्हावऱ्याचे ढीग आणि भोवती बायांचं रिंगण, मागे सुवर्णदुर्ग, हे तर सगळेच काढतात, मीपण काढलं. मग हळूहळू लक्षात आलं की मला ढीग नको असतो, मला लिलाव संपल्यावर उरलेल्या सुरमईच्या टोपलीवर बसून चहा पिणारी बाई हवी असते. एसटी स्टँडवर रात्रवस्तीच्या गाडीत ड्रायव्हर-कंडक्टर मच्छरदाणी बांधतात ती. आंब्याच्या सीझनला पेट्यांत पेंढा भरणारे नेपाळी गुरखे, एकाच्या कानात हेडफोन. आमची आई मागच्या पायरीवर फणसाच्या आठळ्या सोलताना, तिला कळलं की लगेच पदर डोक्यावर घेते, आणि फोटो मेला. पावसाळ्यात कॅमेरा बंदच, नाहीतर लेन्सला बुरशी, काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू, एकदा लागली की गेली. मी अजून अण्णांसारखा कपाटात ४०चा बल्ब पेटता ठेवतो. लोक म्हणतात ड्राय कॅबिनेट घे. बल्ब बरा आहे.

सहलींना पण मीच कायम फोटोग्राफर. मित्रांचा ग्रुप निघाला की एकजण गाडी, एकजण जेवण, मी फोटो, हे ठरलेलं. दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीत गाडी चढली की सगळे कठड्याला जातात, वाऱ्याने बायकांच्या ओढण्या आणि पुरुषांची टकलं सारखीच उघडी पडतात, आणि 'काढ काढ' चालू होतं. आणि घरी आल्यावर फोन. 'तो माझ्या हातात ग्लास असलेला टाकू नको रे.' 'मी ऑफिसला आजारी आहे सांगितलंय, ग्रुपवर नको.' एकदा गुहागरच्या किनाऱ्यावर एका जोडप्याने स्वतः बोलावून त्यांचा फोटो काढायला लावला, सूर्य हातात धरलेला वगैरे, आणि पाच मिनिटांनी मुलगी पळत आली, दादा प्लीज डिलीट करा, माझ्यासमोर. कॉलेज बुडवलं होतं. मी डिलीट केला आणि तिने रिकाम्या स्क्रीनकडे बघून असा काही श्वास सोडला की मला वाटलं आत्ता फोटो काढायला हवा. वेळासला कासवांची पिल्लं सोडतात तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रवाल्यांनी आणि गावकऱ्यांनी लोकांना चांगली शिस्त लावलीये, दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश मारायचा नाही, पिल्लाच्या वाटेत जायचं नाही. दोनशे माणूस गप उभा असतो. दीड इंचाच्या जीवाला आपण एवढं सांभाळतो ह्याचं मला तिथे उभं राहून दरवेळी नवल वाटतं, कारण तीच माणसं परत येताना गाडी थांबवून धुणं धुणाऱ्या बाईचे फोटो काढतात.

शिमग्यावर मी काय बोलणार. आमच्याकडे पालखी सहाणेवर बसली की पाच-सहा दिवस गाव वेगळंच असतं, मुंबईकर येतात, भांडणं उकरली जातात, मिटतात, आणि खेळे निघतात. खेळ्यांत एक गोमू असतो. पुरुष साडी नेसून नाचतो यात कुणाला काही वावगं वाटत नाही, उलट गोमू चांगला नसेल तर लोक नावं ठेवतात. काकींचा मुलगा तीन वर्षं गोमू होता आणि मी अतिशयोक्ती करत नाही, त्याच्यासारखा गोमू मी बघितलेला नाही. बाकीचे गोमू बाईची नक्कल करतात, कंबर उडवतात, लोक शिट्ट्या मारतात. हा नक्कल करायचा नाही. हा नुसता पायरी उतरला, पदर कमरेला खोचला, डाव्या हाताने नथ सावरली की झालं, म्हाताऱ्या बायका सुद्धा गप्प व्हायच्या. त्याला काकीच नेसवायच्या, त्यांचीच साडी, हिरवी, लालपिवळ्या काठाची. नेसवताना मी दारात उभा राहून फोटो काढलेत, त्या निऱ्या घालतायत आणि हा सरळ उभा, हात वर, लहान मुलाला टॉवेल गुंडाळताना असतात तसे. २०१८ला होळीची ठिणगी उडून त्याच्या पदराला भोक पडलं. काकींनी तिथल्या तिथे शिव्या घातल्या, त्याला नाही, होळीला, आणि दुसऱ्या दिवशी पिवळ्या दोऱ्याने भोक भरून टाकलं. हिरवा दोरा घरात नव्हता. पदरावर एक पिवळं फूल आल्यासारखं झालं, मी त्याचाही क्लोजअप काढला. का काढला माहिती नाही. काढतो मी असलं काहीबाही.

आता मुंबईचं.

२०१९च्या फेब्रुवारीत मी अल्बमचं सामान आणि सेन्सर साफ करायला म्हणून मुंबईला गेलो. तुतारी एक्स्प्रेसने रात्री बसलो, पहाटेच दादरला. कॅमेरा दुपारपर्यंत मिळाला, गाडी रात्रीची, मध्ये वेळ होता. फोटोवाल्यांच्या एका ग्रुपवर आलं होतं की आज २ तारखेला ऑगस्ट क्रांती मैदानातून प्राइड, म्हणजे समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांची परेड, निघणार आहे, 'कलर्स मिळतील भाऊ.' खरं सांगायचं तर मी रंगांसाठी गेलो. रंगपंचमीला जातो तसा. मला या विषयात ना फार रस होता ना राग होता, ३७७ हा आकडा सप्टेंबरपासून टीव्हीवर ऐकून ऐकून पाठ झाला होता, सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ला निकाल दिला आणि इंग्रजांच्या १८६०च्या कायद्यातलं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ते कलम एवढ्या वर्षांनी बोथट झालं, तेवढं माहीत होतं. निकालानंतरची मुंबईतली ही पहिलीच परेड, त्यामुळे गर्दी तुफान. आत शिरलो आणि पहिली पाच मिनिटं कॅमेरा वरच केला नाही, लाजलो. मी, चाळिशीकडे झुकलेला, पोट सुटलेला, लग्नाचे फोटो काढणारा माणूस, चारशे लग्नं केलेला, आणि मला कळेना की कुठे बघायचं. मग ढोल सुरू झाला. ढोल सुरू झाला की कोकणी माणसाच्या पायाला आपोआप कळतं काय करायचं.

काय काय होतं तिथे. इंद्रधनुष्याचा एक लांबच लांब झेंडा पन्नास-साठ लोकांनी काठाला धरलेला, वारा आला की मध्ये फुगायचा, मला आमचं जाळं ओढतात ते आठवलं. पंख लावलेला एकजण, पंख दारात अडकतात तसे दुसऱ्याच्या पंखांत अडकलेले आणि दोघं सॉरी सॉरी म्हणत सोडवतायत. शेरवानीतल्या दोन मुली. नऊवारीतली एक उंच व्यक्ती, नाकात नथ, पायात स्पोर्ट्स शूज, आणि मला म्हणते, "दादा शूज नको हां घेऊ." कडेला दुकानदार शटर अर्धं खाली करून बघतायत, एक इराण्याकडचा पोऱ्या ट्रे घेऊन मध्येच नाचून गेला. एक बाई होती, साधी, माझ्या आईसारखी, कॉटनची साडी, पर्स छातीशी, हातात पुठ्ठा, त्यावर मराठीत 'माझं लेकरू, माझा अभिमान'. तिचा फोटो काढायला मी कॅमेरा वर केला आणि तिने आईसारखाच पदर डोक्यावर घेतला. स्वयंसेवक फिरत होते, फोटो काढताना विचारा, चेहरा नको म्हणालं तर नको, असं सांगत. एक वयस्कर गृहस्थ माझ्याशेजारी चालत होते, ते म्हणाले २००८ला १६ ऑगस्टला पहिल्यांदा इथूनच निघालो तेव्हा कितीतरी जणांनी मुखवटे घातले होते, आता बघा. मी बघितलं. मुखवटे होते अजून, पण थोडे, आणि त्यातले काही नुसतेच चमकीचे, हौसेचे.

नाना चौकाच्या अलीकडे मी फुटपाथच्या कठड्यावर चढलो आणि ८५ची लेन्स लावून गर्दीत चेहरे शोधायला लागलो. ८५मधून बघितलं की बाकीचं जग विरघळतं, एकच काहीतरी धारदार राहतं. तर मला आधी पदर दिसला. हिरवा पदर, लालपिवळा काठ आणि त्याच्यावर दोऱ्याने भरलेलं पिवळं फूल. मी ते फूल ओळखलं. हात थंड पडले म्हणजे काय ते मला तिथे कळलं, दुपारी तीनच्या उन्हात. मग वर सरकलो. नथ नव्हती, वेणी नव्हती, कपाळावर छोटीशी टिकली, दाढी नीट कोरलेली, हो, दाढी होती, आणि साडी. कुणाच्यातरी खांद्यावर हात टाकून तो हसत होता. शिमग्यात हसायचा त्यापेक्षा वेगळं. शिमग्यात तो पालखीकडे बघून हसायचा, लोकांकडे बघून हसायचा. इथे तो कशाकडेच बघत नव्हता. माझं बोट दाबलं गेलं, तीनदा. मग त्याने मान फिरवली आणि लेन्समधून सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि मी कठड्यावरून खाली उतरलो, उतरलो म्हणजे जवळजवळ पडलोच, आणि गर्दीतून उलट्या दिशेने चालायला लागलो, चोरासारखा.

स्वयंसेवकांनी सांगितलं होतं विचारा म्हणून. मी विचारलं नाही.

आणि हे पुरेसं नव्हतं म्हणून त्याच रात्री गाडीत, पनवेल सोडल्यावर, मी तो फोटो इन्स्टावर टाकला. का टाकला याची मी स्वतःला खूप उत्तरं दिलीत. फोटो सुंदर होता. मुंबईचं कोण बघतंय आपलं. दाढीमुळे ओळखू येत नाही. सगळी खोटी आहेत, मला शाबासकी हवी होती, लग्नाच्या फोटोंना कुणी शाबासकी देत नाही. चाळीस मिनिटं होता तो फोटो तिथे. रेंज येत जात होती, बोगदा आला की जायची. एका बोगद्यातून बाहेर आल्यावर एकसष्ट लाइक दिसले आणि त्यात एक नाव आमच्या बाजारातलं. मला शोकेससमोर उभा राहिलेला तो बाप आठवला, जो मी कधी बघितलेलाच नाही. डिलीट केलं. मग रात्रभर लोअर बर्थवर जागा. गावात पुढे काही झालं नाही, कुणी काही बोललं नाही, आणि त्याच्याशीही मी काही बोललो नाही. पुढच्या शिमग्याला तो आला नाही. त्याच्या पुढच्या शिमग्याला आला, पण गोमू दुसरा होता, आणि मग लॉकडाऊनच लागला. रस्त्यात दिसला की तो 'काय दादा' म्हणायचा, मी 'कधी आलास' म्हणायचो, संपलं. २०२०ला प्राइडला परेडची परवानगीच मिळाली नाही, आझाद मैदानात नुसतं जमले, ते मी पेपरात वाचलं आणि सवयीने फोटोंत हिरवा पदर शोधला.

तीन फोटोंचं ते फोल्डर मात्र मी काढून टाकलं नाही. २२ जुलै २०२१ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा माझ्या एका दोस्ताचा अख्खा स्टुडिओ गेला, अल्बम चिखलाच्या विटा झाल्या, आणि पाणी ओसरल्यावर लोक त्याच्याकडे आधी काय मागायला आले तर फोटो. भांडी नंतर. त्या घाबरीत मी माझ्या सगळ्या हार्डडिस्कचे डबल बॅकअप घेतले आणि तेव्हा ते फोल्डर समोर आलं, आणि मी त्याचाही बॅकअप घेतला. म्हणजे ज्याला पाठवायला पाहिजे होता त्याला पाठवला नाही, पण जपून ठेवला दोन ठिकाणी.

तर काकी गेल्या त्या रात्री मी शटर ओढून शिमग्याची रॉ फाइल उघडली. कुंकू दहा मिनिटांत गेलं. कपाळ चांगलं आहे त्याचं, आजूबाजूची कातडी उचलायची, बसवायची. वेणी गेली, कान बाहेर आला. साडीच्या जागी फुल बाह्यांचा आकाशी शर्ट, अशा शर्टांचं माझ्याकडे फोल्डर आहे. अडलं ते नथीपाशी. नथ मोठी, मोत्यांचा घोस डाव्या ओठावर पूर्ण आलेला, आणि हसू नेमकं डाव्या बाजूला जास्त. नथ पुसली की खाली काहीच नाही. कॅमेऱ्याने तो ओठ कधी बघितलाच नव्हता. उजवा ओठ उलटा करून डावीकडे लावून बघितला तर चेहरा मेणाचा झाला, दोन्ही बाजूंनी सारखं कुणी हसत नाही. दुसऱ्या फोटोतून ओठ आणायचा तर बाकी सगळ्या फोटोंत तो पोलीस स्टेशनात बसलेला, काकी म्हणाल्या ते खरंच आहे. आणि मग मला कळलं की तो ओठ माझ्याकडे आहे. हसतानाचा, डाव्या बाजूचा, नथ नसलेला, दुपारच्या उन्हातला, नाना चौकाच्या अलीकडचा.

मी लावून बघितला. खोटं कशाला बोलू. लेयर ओढली, थोडी फिरवली, दाढीच्या कडेला पुसलं, रंग जुळवला, आणि तो बसला. असा बसला की माझ्या एवढ्या वर्षांच्या धंद्यात कुठलीच गोष्ट इतकी चपखल बसली नसेल. आकाशी शर्टातला एक देखणा, हसरा, पनवेलला नोकरी असलेला मुलगा. कुठल्याही बापाने पोरगी दिली असती. रात्रीचा एक वाजला होता, बाहेर कुत्री भुंकत होती आणि कपाटातला बल्ब पिवळा पेटला होता, आणि मला अण्णांचे ते चिमटे दिसायला लागले, पाठीमागचे.

फाइल सेव्ह न करता बंद केली. मग परत उघडून बघितली, खरंच सेव्ह नव्हती झाली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला मेसेज लिहिला, पुसला, लिहिला, पुसला, शेवटी फोनच लावला. मी म्हटलं अरे तुझी आई आली होती, तो म्हणाला माहितेय, तिने सांगितलं, शर्ट घालायचाय ना. हसला. मग मी सगळं सांगितलं, नथीचं, ओठाचं, फोल्डरचं. पलीकडे मागे लोकल गेल्याचा आवाज आला, तो लांब जाईपर्यंत थांबला तो, आणि म्हणाला, "दादा, इन्स्टावर टाकलावता तो मी तेव्हाच बघितला होता. मित्राने पाठवला. मी रात्रभर घरच्या फोनची वाट बघत होतो." मी सॉरी म्हटलं. इतक्या वर्षांनी सॉरी म्हटलं की ते दिवाळीचं ग्रीटिंग मे महिन्यात दिल्यासारखं वाटतं. तो म्हणाला, "नाय आला फोन. पण तेव्हापासून दर रविवारी आईचा फोन वाजला की पोटात गोळा येतो, ते तुझ्यामुळे नाही पण, ते तसंच आहे." मग जरा वेळाने आपणच सैल झाला. "आता लग्न म्हणते. एकतर मला मुलगी नको, आणि जे हवंय त्याचं कोर्टाने २०२३लाच सांगितलंय, संसदेने बघावं. आई म्हणते मे महिन्यात बघू." आम्ही दोघंही हसलो, मी जरा जास्तच. मी विचारलं मग काय करू. तो म्हणाला, "तिथला ओठ घेऊ नको. आईचं मी बघतो, माझं मी, कधी ते मला ठरवू दे." आणि फोन ठेवता ठेवता, "आणि तो फोटो मला पाठव ना. माझ्याकडे त्या दिवसाचा एकपण नाहीये चांगला."

पाठवला. तिन्ही पाठवले, मोठ्या साइझचे. दोन निळ्या टिका आल्या. पुढे काही नाही.

आठव्या दिवशी काकी आल्या, बाहेर रिक्षा थांबवूनच. मी फ्रेम पुसून ठेवली होती. म्हटलं, काकी, कुंकू निघतं, साडी निघते, पण नथीखाली ओठ नाहीये. फोटोत आलाच नाही तो, मी कुठनं आणू. त्यांनी फ्रेम जवळ धरली, लांब धरली, नथीवर बोट ठेवून बघितलं. "मंजे नथ काडली तं भोक पडंल?" म्हटलं, तसंच. "मग नको." फ्रेम पिशवीत घातली, परत बाहेर काढली, पदराने काच पुसली, जी मी आधीच पुसली होती. नजर फोटोवरच. "तू जातोस ना मदनं मदनं मुंबईला?" जातो म्हटलं. "तिकडं हासतो काय रं तो?"

मी काउंटरवरच्या काचेकडे बघत होतो. त्या काचेखाली पासपोर्टचे नमुने आहेत, आठ चेहरे, सगळे गंभीर.

"हसतो काकी."

त्या अजून काही विचारतील असं वाटलं, पण रिक्षावाल्याने हॉर्न मारला, त्याची परत जायची घाई. त्या पायरी उतरून रिक्षात बसल्या, पिशवी मांडीवर उभी धरली. रिक्षा वळली, थोडी पुढे गेली, आणि थांबली. काकी उतरून परत आल्या, धापा टाकत, दारातूनच हात पुढे केला.

"खिळा ऱ्हायला माजा. दे."